चार बोटं हवा

शेजारच्या कन्हैयालाल शेठच्या सुनेने गच्चीवर मातीशिवाय भाजी लावली आहे, हे कळल्यावर मी म्हणालो, "चला, आता मातीलाही घरी बसवलं!" त्यावर आमची नूतन म्हणाली, "तुम्हाला बसवलं तेव्हा जगाचं काही अडलं का?" बायकोला उत्तर द्यायचं नसतं, म्हणून मी कुंपणापलीकडे बघायला गेलो आणि त्या भानगडीत पडलो.

आधी माझी ओळख देतो, म्हणजे पुढे मी कुठल्या अधिकाराने बोललो ते समजेल. मी लीलाधर, मूळचा अमळनेरचा. आता घर जळगावात, मेहरूणला. चौतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढली. कागदोपत्री माझं पद परिचराचं, पण हा शब्द कोणी उच्चारला की माझं डोकं फिरतं. सर फळ्यावर आकृती काढायचे, प्रयोग व्हायचा तो माझ्या हातून. कितीतरी सर आले आणि गेले, परीक्षानळ्या माझ्याच राहिल्या.

तर ती सून, रिद्धी. धुळ्याची मुलगी, शेतीतली पदवी घेतलेली, लग्न होऊन दीड वर्ष झालेलं. पण त्या घरात तिचा आवाज म्हणून आम्ही ऐकला नव्हता. सासऱ्यांना "हो पप्पाजी", आजेसासूबाईंना "जी दादीसा", नवरा अमन दुकानात जायला निघाला की नुसती मान हलवायची. पाहुण्याच्या घरी आपण जसे सोफ्याच्या कडेवर बसतो ना, तशी ती दीड वर्ष त्या घराच्या कडेवर बसली होती. नोकरीचं विचारून पाहिलं, तर शेठ म्हणाले, "घरचं कापडाचं दुकान असताना नोकरी कशाला?" मग तिने गच्ची मागितली.

शेठने गच्ची दिली, पण व्यापाऱ्याने दिलेली गच्ची, तिला अट असणारच. त्यांचं घर जैन, आणि घराचे नियम राजकुंवरबाई, म्हणजे शेठच्या आई, पाळतात आणि पाळायला लावतात. फाल्गुनातली चौदस, म्हणजे होळीच्या आधीची चतुर्दशी, आली की त्या घरात पालेभाजी बंद, ती थेट कार्तिकात उघडते. आणि त्याच दिवसापासून गच्चीवर पापड-कुरडया वाळायला पडतात. शेठ म्हणाले, "आदल्या दिवशी, तेरसच्या संध्याकाळपर्यंत तुझी भाजी बाईंच्या ताटात आली, तर गच्ची तुझी. नाही आली, तर गच्ची पापडांची, आणि तू दुकानात गल्ल्यावर बस."

रिद्धी म्हणाली, "हो पप्पाजी."

मी वर जाऊन पाहिलं. हिरव्या नेटखाली मोठा टब, त्यात पाणी, पाण्यावर थर्माकोलची पाटी. पाटीला बारा भोकं, प्रत्येक भोकात जाळीचा कप, कपात लेट्यूसचं रोप. मुळं खाली पाण्यात लोंबकळत होती. रोपांचं खाणं पाण्यातच मिसळलेलं.

"काका," रिद्धी हळूच म्हणाली, "मुळांना पाण्यातसुद्धा श्वास लागतो. पाण्यात हवा विरघळलेली हवी. नाहीतर ती गुदमरून सडतात."

"मला सांगतेस?" मी म्हणालो. हे मला त्याआधी माहीत नव्हतं, पण चौतीस वर्षांचा अनुभव असला की माहीत नसलेल्या गोष्टीही माहीत असल्यासारख्या ऐकता येतात.

तिने माशांच्या टाकीत लावतात तो हवेचा पंप आणला होता. बारीक नळी, टोकाला सच्छिद्र खडा, त्यातून बुडबुडे. दिसायला फार छान. पण तो पंप घूं घूं करायचा, आणि बरोबर त्याखालच्या खोलीत राजकुंवरबाई सामायिकाला बसायच्या. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसून मन स्थिर करायचं. तीन दिवस त्यांनी सहन केलं. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "बेटा, माझं मन त्या भुंग्यामागे फिरतं." शिवाय त्यांना दुसरी काळजी होती. पाण्यात बारीक जीव असतात, यंत्र त्यांना घुसळून मारतं. पंप उतरला.

मग मी सत्तारला बोलावलं. सत्तारचं कोपऱ्यावर कूलर दुरुस्तीचं दुकान आहे, तो माझ्याच गावचा, त्यामुळे आमचं बोलणं गावच्या भाषेतच चालतं. युक्ती माझी होती, ती नाकारत नाही. कूलरच्या मोटरने पाणी वर चढवायचं आणि धबधब्यासारखं टबात पाडायचं. पाणी आपटलं की हवा आपोआप मिसळते.

"भाऊ, हाऊ पंप मोठा मोठा कूलरले पाणी चढाडस," सत्तार म्हणाला. "तुमना पालाले काय व्हई?"

पाल्याला काही झालं नाही. नळी निसटली. पाण्याची धार गच्चीचा कठडा ओलांडून खाली गेली आणि खाली पांढरे शुभ्र कपडे घालून स्थानकात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या जागी, निघालेले कन्हैयालाल शेठ उभे होते. खतपाणी असल्यामुळे त्यांची वाढ होईल, असा विनोद सत्तारने केला. तो शेठने ऐकला.

"सत्तार, तुले अक्कल शे का?" मी ओरडलो.

"पंप चांगला शे भाऊ," तो म्हणाला, "पाणीच येडं शे."

त्या दिवशी हुकूम सुटला: गच्चीवर मोटर नाही, पंप नाही, वीज नाही, सत्तार नाही. माझं नाव घेतलं नाही, पण शेठ माझ्याकडे बघून बोलत होते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मी मागे हटणारा नाही. माळ्यावरून सायकलचा हातपंप काढला, त्याला ती बारीक नळी आणि खडा जोडला, आणि सकाळ-संध्याकाळ दोनदोनशे वेळा दांडा हाणायला लागलो. आठवड्यात तळहाताला फोड आले. नूतन म्हणाली, "सायकल विकून बारा वर्षं झाली, पंपाने मात्र आत्ता सूड घेतला." एवढं करूनही संक्रांतीला पहिली खेप गेली. रिद्धीने पाटी उचलली तर मुळं तपकिरी, बुळबुळीत, आणि वास असा की मी नाक धरलं. तिने बारा रोपं एका पिशवीत भरली. खाली जाताना जिन्यात थांबली आणि ओढणी डोळ्यांना लावली. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी चिडतो, म्हणून मी हातपंपाला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला.

दुसऱ्या खेपेला तिने वेगळाच उपाय काढला. टब काठोकाठ भरायचाच नाही. थर्माकोल टबाच्या काठावर टेकवून ठेवायचा आणि त्याच्या खाली चार बोटं जागा मोकळी सोडायची. मुळांचा वरचा भाग त्या हवेत श्वास घेतो, खालचा पाणी पितो. मोटर नाही, आवाज नाही, कोणाचा जीव जात नाही. मला हा उपाय आवडला नाही, कारण त्यात मला काही काम नव्हतं.

पण गंमत अशी की सकाळी चार बोटं ठेवलेलं अंतर संध्याकाळी नाहीसं व्हायचं! पाणी थेट थर्माकोलला टेकलेलं. रिद्धी बुचकळ्यात पडली. मी मात्र बुचकळ्यात पडत नसतो. मी तिला उष्णतेने द्रव प्रसरण पावतात यावर पाऊण तास समजावून सांगितलं. जळगावचं ऊन म्हणजे ऊन, पाणी फुगणारच.

"चार बोटं, काका?"

"धुळ्यात कमी फुगत असेल," मी म्हणालो.

ती "जी काका" म्हणाली. त्या "जी"मध्ये तिला काय म्हणायचं होतं ते मला आज कळतं.

वसंत पंचमीच्या सकाळी मी जरा लवकर वर गेलो, हातपंप घेऊनच. गच्चीवर राजकुंवरबाई होत्या. अठ्ठ्याहत्तर वय, गुडघे दुखतात, तरी कमरेवर कळशी. दर तीन दिवसांनी टबातलं पाणी बदलायला रिद्धी दोन बादल्या आदल्या दिवशी भरून ठेवायची. त्या बादल्या बाईंनी तुळशीजवळच्या मोरीत ओतल्या होत्या आणि कळशीतून त्यात दुसरं पाणी भरत होत्या. भरून झालं की वर ताट झाकत होत्या.

"अक्का, हे काय?"

त्या दचकल्या, मग हसल्या. "कच्चं पाणी आहे ना ते भाऊ. त्यात जीव असतात. उन्हात ठेवलं की आणखी पडतात, आणि सगळे मुळांत अडकून मरतात. मी पहिल्या खेपेपासून उकळून, गाळून, निववून आणते. पाप पोरीच्या माथ्यावर नको. तिला काय माहीत? लहान आहे ती."

"आणि टब रोज काठोकाठ कोण भरतं?"

"मीच. ती विसरते, निम्मा ठेवते. मुळं बिचारी कोरडी राहतात."

मी बादलीत बोट बुडवलं. कोमट होतं. आणि माझ्या डोळ्यांपुढे आठवीचा वर्ग उभा राहिला. लोखंड गंजण्याचा प्रयोग, तीन परीक्षानळ्या, तीन खिळे. मधल्या नळीतलं पाणी मी दरवर्षी आधी खळखळून उकळायचो, वर तेलाचा थर द्यायचो आणि बूच लावायचो. त्यातला खिळा गंजत नाही. कशामुळे? उकळलं की पाण्यातली हवा निघून जाते. चौतीस वर्षं हा प्रयोग मी स्वतःच्या हाताने मांडला होता, आणि पाणी फुगतं म्हणून त्या पोरीला पाऊण तास पिळत होतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि इथे तर बैलही मीच होतो.

"अक्का," मी म्हणालो. माझ्या जिभेला लगाम नाही, त्यामुळे जे तोंडात आलं ते बोलून गेलो. "मुळांना हवा लागते. उकळलेल्या पाण्यात हवा नसते. वर तुम्ही झाकण घालता. आणि तिने श्वासाला ठेवलेली जागा तुम्ही भरता. ती झाडं गुदमरून मेली."

बाईंनी कळशी खाली ठेवली. त्या कठड्याला टेकून बसल्या. वाटेत मुंगी दिसली तर पाऊल उचलून थांबणारी बाई ती, अंधार पडल्यावर पाणीसुद्धा न पिणारी. मला माझ्या जिभेची लाज वाटली.

"म्हणजे मी मारली," त्या म्हणाल्या. "बारा."

"अहो, तुम्हाला कुठे माहीत होतं..."

"ती जिन्यात रडली ना, मी खालून पाहिलं. मला वाटलं, माहेरची आठवण आली असेल." त्यांनी माझा हात धरला. "भाऊ, तिला सांगू नका. आधीच ती माझ्याशी जपून जपून बोलते. हे कळलं तर तेही बंद होईल."

मी शब्द दिला. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे साऱ्या मेहरूणला माहीत आहे, पण मी शब्द दिला.

आता पुढे करायचं काय? बाई उकळलेलं पाणी सोडणार नाहीत, आणि रोपं हवा सोडणार नाहीत. उत्तर त्यांच्याच स्वयंपाकघरात होतं. प्यायचं पाणी त्या उकळून परातीत ओततात, आणि लोट्याने उंचावरून धार धरून धरून निववतात. मी म्हणालो, "अक्का, तेच करा. लवकर निवावं म्हणून करता ते हवा भरायला करा. निवल्यानंतरसुद्धा करा. जितकी उंच धार, जितका फेस, तितकी हवा. आणि वर ताट झाकणं बंद करा. वर फडकं बांधा."

"पाणी उकळलेलं, म्हणजे त्यात जीव नाहीत. आणि धार धरली की हवा?"

"बरोबर."

"मग यंत्र कशाला पाहिजे? मी आहे ना."

त्या दिवसापासून राजकुंवरबाईंनी रोज सकाळी परात मांडली. एकशे आठ धारा. मोजायला हातात माळ. लोटा डोक्याच्या वर न्यायचा आणि पाणी सोडायचं, असा खळखळाट की खाली शेठला वाटायचं नळ फुटला. टबात चार बोटं अंतर त्या आता स्वतः बोटं घालून मोजायच्या, आणि टबातलंही पाणी दुपारी लोट्याने उचलून वरून सोडायच्या. रिद्धीने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टरांनी खांद्याचा व्यायाम सांगितला आहे." रिद्धी "जी दादीसा" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या खांद्याला चोळायला तेल गरम करून आणलं. बाईंनी तेल लावून घेतलं आणि डोळे मिटून घेतले. मी कुंपणाशी उभा होतो, सगळं घशापर्यंत आलेलं. नूतनला वाटलं माझं पोट बिघडलं आहे. तिने ओवा दिला.

मुळं मात्र पांढरी व्हायला लागली. आधी टोकं, मग पाऊण वीत, मग दाढीसारखा झुपका. पाल्याने जाळीचे कप झाकले. मी हातपंप माळ्यावर टाकला, कारण त्याचं काम एक म्हातारी माझ्यापेक्षा चांगलं करत होती. हे लिहिताना मला काही फार आनंद होत नाही, पण खरं ते खरं.

तेरस उजाडली. भाजी शेठसमोरच वाढायची होती, आणि ते दुकानातून पाचला येतो म्हणाले होते. सव्वासहा झाले तरी पत्ता नाही. त्या घरात सूर्यास्तानंतर कोणी काही खात नाही, आणि सूर्यास्त सहा चाळीसच्या आसपास. म्हणजे शेठ उशिरा आले की भाजी उद्यावर, आणि उद्या चौदस. रिद्धी ताट घेऊन गच्चीच्या दारात उभी, हिरवागार गड्डा पाण्याने चमकतोय, आणि तिची नजर एकदा जिन्याकडे, एकदा पश्चिमेकडे. मी सूर्याला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या.

सहा वीसला शेठ आले, घामाघूम. "लग्नसराईचं गिऱ्हाईक उठेना," म्हणाले. अमनही मागे होता. राजकुंवरबाई पाटावर बसल्या. रिद्धीने पानं फाडून, लिंबू-मीठ लावून ताटात वाढली. बाईंनी एक पान तोंडात घातलं. सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होते. दात मोजकेच, त्यामुळे वेळ लागला.

"चव काही नाही," त्या म्हणाल्या. "पण कुरकुरीत आहे. आणखी वाढ."

शेठनेही खाल्लं. दोनदा खाल्लं. मग रुमालाने तोंड पुसून म्हणाले, "पहिली खेप पार सडली, आणि ही अशी. काय जादू केली?"

"लीलाधरकाकांनी मार्गदर्शन केलं," रिद्धी म्हणाली.

मार्गदर्शन! चौतीस वर्षांत कोणी हा शब्द माझ्यासाठी वापरला नव्हता. मी खाकरलो, छाती पुढे काढली, तोंड उघडलं. एवढ्यात राजकुंवरबाई म्हणाल्या, "पहिली खेप मी मारली."

बाईंनी ताटाकडे बघत सगळं सांगितलं. बादल्या, कळशी, झाकण, भरलेली चार बोटं. एक शब्द लपवला नाही. मला तोंड बंद ठेवायला लावणारी बाई स्वतः सगळं सांगून मोकळी झाली.

"पाप तुझ्या माथ्यावर नको म्हणून केलं," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि भलतंच झालं."

मला वाटलं, आता पोर "काही हरकत नाही दादीसा" म्हणेल आणि ताट उचलून आत जाईल. ती उभी राहिली. कान लाल झाले होते.

"मला विचारायचं तरी!" ती ओरडली. खरंच ओरडली. मागच्या गल्लीतला कुत्रा भुंकला. "एकदा! एकदा विचारायचं, रिद्धी, ही जागा रिकामी का ठेवतेस? सहा आठवडे मी रात्ररात्र पुस्तकं चाळत होते! मला वाटलं माझ्याच हाताला गुण नाही! वाटलं, चार वर्षं शिकले ते फुकट गेलं! आणि तुम्ही रोज येऊन भरत होतात? मुद्दाम ठेवली होती ती जागा, मुद्दाम!"

"रिद्धी!" शेठ गरजले. "बाईंशी असं बोलतात?"

"तू मध्ये पडू नकोस, कन्हैया," राजकुंवरबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा मात्र असा फुलला होता की मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. "दीड वर्षाने पोरगी माझ्यावर चिडली. पाहुणी कधी चिडते का? गच्ची तिची. पापड लीलाधरभाऊंच्या गच्चीवर वाळतील, ती मोकळीच असते."

माझी परवानगी कोणी विचारली नाही. मी नाहीही म्हणालो नाही.

रिद्धीला वाटलं आपण फार बोललो. तिने तोंडावर हात ठेवला. बाईंनी तो हात खाली ओढला आणि तिला शेजारी पाटावर बसवलं.

"बोल," त्या म्हणाल्या. "अजून आहे ना पोटात? बोल. दिवसभराच्या चुकांची माफी मागायला, प्रतिक्रमणाला, बसायला मला अजून दहा मिनिटं आहेत."

रिद्धी बोलायला लागली, आधी लेट्यूसबद्दल, मग नोकरीबद्दल, मग कुठल्या कुठल्या गोष्टींबद्दल, आणि मधेच रडली, आणि पुन्हा बोलली. सूर्य गेला. मी त्या घराशेजारी एकवीस वर्षं राहतोय. राजकुंवरबाईंचं संध्याकाळचं प्रतिक्रमण त्या दिवशी पहिल्यांदा अर्धा तास उशिरा सुरू झालं.